आमच्या अभियंता शाखेबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका अभियंता संस्थेच्या स्थानिक शाखेची मी चिटणीस. कारखान्यातली नोकरी सांभाळून हे काम करते, त्यामुळे रात्री साडेदहाला आलेल्या "मॅडम, शनिवारी चहा असतो का?" अशा मेसेजला उत्तर द्यायचं राहून जातं. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदा सगळं लिहून काढायचं ठरवलं. कार्यकारिणीने मजकूर वाचला आहे. दोन ठिकाणी 'सूर जरा सौम्य करा' असं सुचवलं होतं. एका ठिकाणी केला.

मी इंजिनिअर नाही. आलो तर चालेल का?

चालेल. दारात डिग्री विचारत नाही. वायरमन, प्लंबर, आयटीआयची मुलं, हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी, साइटवरचे सुपरवायझर, सगळे येतात. गळक्या गच्चीवरच्या एका व्याख्यानात वक्त्यांनी वॉटरप्रूफिंगच्या रसायनांवर पाऊण तास घालवला. मग मागच्या रांगेतल्या एका गवंड्याने विचारलं, "साहेब, पण उतारच उलटा असेल तर?" पुढचा अर्धा तास फक्त उतारावर बोलणं झालं. लोकांना आज तेवढंच आठवतं.

आयईआय, आयईईई, आयईटीई, सीएसआय... यांत फरक काय?

आयईआय म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स. १९२० सालची, मुख्यालय कोलकात्यात, १९३५ साली रॉयल चार्टर मिळालेली. स्थापत्य, यंत्र, विद्युत, खाणकाम असं सगळं तिच्यात येतं. आयईईई ही जागतिक संस्था. १८८४ ची विद्युत अभियंत्यांची एक आणि १९१२ ची रेडिओवाल्यांची दुसरी, अशा दोन अमेरिकी संस्था १९६३ साली एक झाल्या आणि ती जन्मली. वीज, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक हा तिचा प्रांत. तुमच्या वाय-फायचं ८०२.११ हे मानक तिचंच. आयईटीई १९५३ ची, इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचारवाल्यांची. सीएसआय १९६५ ची, संगणकवाल्यांची. शिवाय काँक्रीटवाल्यांची वेगळी, वातानुकूलनवाल्यांची वेगळी.

कागदावर असे कप्पे असले तरी एका शहरात धडपडणारी माणसं मोजकीच असतात, आणि तीच तुम्हाला चार संस्थांच्या कार्यक्रमांत खुर्च्या लावताना दिसतील. त्यामुळे 'कुठल्या संस्थेत जाऊ' यापेक्षा 'घराजवळ कुठली शाखा खरोखर चालू आहे' हे बघा.

सभासद व्हावंच लागतं का?

नाही. व्याख्यानं खुली आणि फुकट. कार्यशाळेला साहित्याचे पैसे घेतो, कारण सामान तुम्ही घरी नेता. सभासदाला मुख्यालयाची नियतकालिकं, परिषदांच्या शुल्कात सवलत आणि मतदानाचा हक्क मिळतो. विद्यार्थ्यांना वर्गणी कमी असते. दोन-तीन कार्यक्रम बघा, माणसं पटली तर अर्ज भरा.

एएमआयई केलं की पदवी मिळते ना?

या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा, यात लोकांचे पैसे अडकतात. एएमआयई म्हणजे नोकरी करता करता आयईआयच्या 'सेक्शन ए' आणि 'सेक्शन बी' या परीक्षा द्यायच्या. ही वाट एके काळी फार मोलाची होती. डिप्लोमावाले कितीतरी ओव्हरसियर याच वाटेने इंजिनिअर झाले. पण पदवीशी समकक्ष म्हणून केंद्र सरकारची जी कायम मान्यता होती, ती ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांसाठी. आता बढतीच्या आशेने नाव घालणार असाल तर आधी आपल्या खात्याला पत्र लिहून लेखी उत्तर घ्या. 'चालतं हो' असं कुणी तोंडी सांगितलं म्हणून फी भरू नका. आमच्याकडे ज्ञानासाठी परीक्षा देणारे दोघं आहेत. त्यांना माझा नमस्कार.

कार्यक्रम कधी असतात?

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सहाला व्याख्यान. चहा साडेपाचला, म्हणजे आधी. पूर्वी चहा शेवटी असायचा, तेव्हा लोक सव्वासहाला यायचे आणि चहा पिऊन जायचे. आता उशिरा येणाऱ्याला चहा नाही, आणि सहाला सभागृह भरलेलं असतं. पुण्यात हे जमलं याचा मला अभिमान आहे.

विषय कोण ठरवतं? सगळं एआयवरच असतं का?

एआयवर वर्षातून एकदा होतं. तेवढं पुरतं. विषय कार्यकारिणी ठरवते, पण आमचा एक अलिखित नियम आहे: वर्षातली निदान तीन व्याख्यानं 'काय फसलं आणि का' यावर. यशाच्या कहाण्या सांगायला कंपन्या आहेतच.

या मालिकेतलं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान पानशेतवरचं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं, हे इथल्या प्रत्येक घरात सांगितलं जातं. पण का फुटलं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. धरण मातीचं, काम पूर्ण व्हायचं होतं, आणि पाऊस थांबायला तयार नव्हता. पाणी सोडण्यासाठी धरणाच्या पोटातून जी मोरी काढली होती, ती सळई न घालता साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत बांधलेली होती. अर्धवट बसवलेली दारं, त्यांखालून सुसाट जाणारं पाणी, त्याचे हादरे. मोरी खिळखिळी झाली आणि तिच्यावरची माती खचायला लागली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून बांध धरून ठेवला. धरण वाचलं नाही, पण काही तास मिळाले, आणि शहरात पाणी आलं ते दिवसाउजेडी. खालचं खडकवासला धरणही त्या लोंढ्याने फुटलं.

व्याख्यान संपल्यावर नव्वदीकडे झुकलेले एक आजोबा काठी टेकत पुढे आले. पडद्यावरच्या नकाशावर त्यांनी काठीनेच आपला वाडा दाखवला आणि पाणी कुठल्या पायरीवर थांबलं ते सांगितलं. वक्त्यांनी त्यांच्या आकडेमोडीतली त्या ठिकाणची पूरपातळी काढून बघितली. साधारण जुळली. सभागृहात कुणी हललं नाही.

किल्लारीवरही झालं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात माणसं मेली ती घरांच्या जाड दगड-मातीच्या भिंतींखाली. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारे लांब दगड नसले की भिंत फुगते आणि दोन्हीकडे उलगडते, हे त्या दिवशी वक्त्यांनी साखरेचे चौकोनी खडे रचून दाखवलं. टेबलावर मुंग्या सोमवारपर्यंत होत्या.

इंजिनिअर्स डेला काय करता?

१५ सप्टेंबर, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, साल १८६१. फोटोला हार आम्हीही घालतो. पण पुणेकरांनी त्यांच्याबद्दल बोलायचं तर म्हैसूरपर्यंत जायची गरज नाही. ते शिकले इथे, सायन्स कॉलेजात, जे आता सीओईपी म्हणून ओळखलं जातं. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. आणि त्यांची आपोआप उघडणारी दारं पहिल्यांदा बसली ती १९०३ साली खडकवासल्याला. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दार आपलं आपण उघडणार, पूर ओसरला की मिटणार. धरणाची भिंत न वाढवता साठ्याची पातळी सुमारे ८ फूट वर नेता आली.

दरवर्षी एका गटाला आम्ही प्लॅस्टिकचे डबे, दोरी आणि कप्पी देतो आणि सांगतो, असं दार करून दाखवा. बहुतेकांचं उघडतं. मिटत मात्र कुणाचंच नाही पहिल्या तासात. डबा भरला की वजनाने दार वर जातं, पण तो रिकामा कसा होणार? डब्याला खाली एक बारीक भोक हवं, हे सुचेपर्यंत सगळ्यांच्या चपला भिजलेल्या असतात. मागच्या वर्षी सातवीतल्या मुलीला आधी सुचलं, तिच्या बाबांना नंतर.

व्याख्यानं मराठीत की इंग्रजीत?

वक्त्याला ज्या भाषेत नीट बोलता येतं त्या भाषेत, आणि शक्यतो मराठीत. बेअरिंगला परिभाषेत 'धारवा' असा छान शब्द आहे, मला आवडतो. पण भोसरीच्या वर्कशॉपमध्ये धारवा मागितलात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. तेव्हा बेअरिंगला बेअरिंगच म्हणा आणि वाक्य मराठी ठेवा, एवढंच सांगतो.

सर्टिफिकेट मिळतं का?

व्याख्यानाचं नाही. कार्यशाळेचं मिळतं, पण शेवटपर्यंत थांबून टेबल पुसलं तर.

कार्यशाळेत नक्की काय शिकवता? मला काहीच येत नाही.

काहीच न येणाऱ्यांसाठीच आहे. वर्षात चार होतात: सोल्डरिंग (वायरी डाग देऊन जोडणं) आणि मल्टिमीटर (व्होल्ट, प्रवाह मोजायचं यंत्र), आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाची सुरुवात, घरातली वीज समजून घेणं, आणि फ्री-कॅड या मोफत सॉफ्टवेअरवर रेखाटन. पहिली सगळ्यात आधी करा. आर्डुइनोला सगळे धावतात आणि मग डकवलेली वायर सुटली की प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात.

एक नमुना सांगते. पहिल्या तासाला एलईडी पेटवायचा. बोर्ड देतो ५ व्होल्ट, लाल एलईडी स्वतःकडे ठेवतो साधारण २. उरलेले ३ व्होल्ट कुणीतरी झेलायला हवेत. त्यासाठी २२० ओहमचा रेझिस्टर. ३ भागिले २२०, म्हणजे १३-१४ मिलिअँपिअर. एवढा प्रवाह एलईडीला आणि बोर्डाच्या पिनला, दोघांनाही झेपतो. आम्ही हे फळ्यावर मांडतो, सगळे माना डोलावतात, आणि दर वेळी एक जण रेझिस्टर न लावता एलईडी सरळ जोडतोच. तो लख्ख पेटतो. इतका सुंदर की शेजारचे वळून बघतात. मग हळूहळू मंद होतो. त्या माणसाला ओहमचा नियम पुन्हा शिकवावा लागत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक पाकिटात एलईडी दोन टाकतो.

मुलांना आणू का?

दहा वर्षांपुढची आणा, सोबत तुम्ही बसा. सोल्डरिंगच्या टोकाचं तापमान ३५० अंशांच्या आसपास असतं. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय बिस्कीट मिळणार नाही. हा नियम मोठ्यांनाही आहे आणि मोठेच तो मोडतात.

सहली असतात ना? कुठे?

असतात, पावसाळा सोडून. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नद्यांची आणि बंदरांची लहान आकारातली मॉडेल्स बघता येतात. संस्था १९१६ ची. आधी परवानगी काढावी लागते, म्हणून नावं महिनाभर आधी द्या. पाबळचा विज्ञान आश्रम, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला. तिथे २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा उभी राहिली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्यावहिल्यांपैकी एक, तीही शिरूर तालुक्यातल्या गावात. मुलं तिथे वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं हातांनी करून शिकतात. आमच्या कॉलेजातल्या मुलांना तिथे नेलं की परतीच्या बसमध्ये जरा शांतता असते.

आणि नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. जवळ गेल्यावर लक्षात येतं की ही भरीव तबकडी नाहीच, ताणलेल्या तारांवर बसवलेली जाळी आहे. ज्या रेडिओलहरी पकडायच्या त्यांची लांबी इतकी मोठी की त्यांना ही जाळी भिंतीसारखीच वाटते, पण वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे वजन कमी, खर्च कमी. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही करामत समजावून सांगायला मला पाऊण तास दिला तरी पुरत नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं. मोबाइल बंद ठेवावा लागतो. तुमचा फोन म्हणजे त्या दुर्बिणीच्या कानाशी वाजवलेला ढोल.

स्वयंसेवक म्हणून नाव दिलं तर काम काय असतं?

बहुतेकांना वाटतं, शाळेत जाऊन रोबोट दाखवायचे. तेही एकदा करतो. पण आमचं खरं काम कसं सुरू झालं ते सांगते.

पुण्यापासून दीडेक तासावरच्या एका गावातल्या शाळेला कुणीतरी बारा कॉम्प्युटर दिले होते. आम्हाला बोलावलं होतं प्रोग्रामिंग शिकवायला. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर सगळीकडे चपला काढायला लावतात, इथे गुरुजी मुलांना सांगत होते, "चपला घालून बसा रे." का, तर कॉम्प्युटर चावतो. आमच्यातल्या एका विद्युतवाल्या काकांनी पिशवीतून मल्टिमीटर काढला, एक टोक कॅबिनेटच्या स्क्रूला, दुसरं खिडकीबाहेरच्या ओल्या जमिनीत खुपसलेल्या सळईला. ११० व्होल्टच्या आसपास.

गुरुजी घाबरले. काकांनी समजावलं: कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्यात विजेतला गोंगाट, म्हणजे नको असलेले चढउतार, गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून कॅबिनेटला, एक न्यूट्रलपासून कॅबिनेटला. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा नगण्य प्रवाह निमूट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट २३० च्या बरोबर मधोमध लटकत राहतं, आणि हात लावला की चुणचुण. त्या चुणचुणीने कुणी मरत नाही. पण उद्या आतली एखादी फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर वाचवायलाही काही नाही. बोर्ड उघडला. तिसऱ्या पिनेच्या भोकामागे हिरवी वायर होती, छान वळवून, खिळ्याला गुंडाळून ठेवलेली. पुढे कुठेच गेलेली नाही.

प्रोग्रामिंग राहिलं. वायरिंगला आम्ही स्वतः हात लावत नाही, लावूही नये. परवानाधारक कंत्राटदाराकडून अर्थिंगचा खड्डा करून घेतला, गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, अर्थ टेस्टरने मोजून घेतलं. पैसे थोडे ग्रामपंचायतीचे, थोडे आमचे. पण त्या दिवशी काकांनी जो प्रश्न विचारला तो आता प्रत्येक कामाच्या अर्जावर छापलेला आहे: 'तिसऱ्या महिन्यात कोण बघणार?' उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायला हवं. हे करणार कोण? खड्ड्याजवळच्या भिंतीवर रंगाने लिहून घेतलं, 'दर सोमवारी एक बादली'. बटण सातवीच्या वर्गाकडे दिलं. पहिल्या सोमवारी खट्‌कन अंधार झाला आणि अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. अजून वाजवतात म्हणे.

तर काम हे असतं. मोजायचं, विचारायचं, योग्य माणूस बोलवायचा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा एसटीने तिथे जायचं. शेवटच्या भागाला नावं कमी येतात.

आमच्या ऑफिसचे जुने कॉम्प्युटर शाळेला द्यायचे आहेत. घेता का?

चालू असतील तर. म्हणजे आम्ही येऊन चालू करून बघू आणि मग. किमान ४ जीबी रॅम, एसएसडी नसेल तर ती टाकण्याचा खर्च तुमचा, हार्ड डिस्क आधी पुसलेली. त्यावर आम्ही लिनक्स टाकतो आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलक चालू करून देतो. जुन्या डीटीपी फॉण्टमधली गुरुजींची प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणून देणं हे त्यातलं सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात जास्त दुवा मिळवून देणारं काम.

बंद पडलेले डबे 'मुलांना उघडून शिकायला होतील' म्हणून देऊ नका. एक उघडायला पुरतो. बाकीचे नऊ शाळेच्या जिन्याखाली जातात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत रिसायकलरला द्या आणि पावती घ्या.

शेतकऱ्यांसाठी स्मार्ट सिंचनाचा प्रोजेक्ट केला आहे. तुमच्यामार्फत गावात लावता येईल का?

दर वर्षी जानेवारीत, म्हणजे कॉलेजांच्या प्रोजेक्टच्या हंगामात, हा प्रश्न येतो. आधी आमची फजिती ऐका. आम्हीही जमिनीतला ओलावा मोजणारी दोन पायांची सेन्सरं लावली होती, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या कांद्यात. त्या दोन पायांमधून सतत डीसी प्रवाह जात राहिला की ओल्या मातीत इलेक्ट्रोलिसिस होतं. काही आठवड्यांत एका पायावरचा तांब्याचा थर खाऊन गेला. सेन्सर म्हणायला लागलं 'माती कोरडी', मोटर चालू राहिली, आणि एका कोपऱ्यातला कांदा सडला. भरपाई आम्ही दिली. कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या (त्यात धातू उघडा मातीला लागत नाही), मोजायच्या क्षणापुरतीच वीज द्या, आणि पट्टीच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करा, नाहीतर कडेतून पाणी शोषलं जातं. हे सगळं नंतरचं शहाणपण.

पण खरं बोलणं बांधावर झालं. ते शेतकरी भाऊ म्हणाले, "ताई, ओल मला मुठीत माती दाबली की कळते. त्याला यंत्र कशाला? मला हे सांगा, रात्री तीनला लाइट आली आणि मोटर चालू झाली का नाही, ते अंथरुणातनं कसं कळंल?" त्याला नवीन काही बनवायची गरजच नव्हती. मोबाइलवर चालणारे स्टार्टर बाजारात मिळतात. आम्ही चार प्रकार तपासले, कुठला त्यांच्या पंपाला आणि तिथल्या नेटवर्कला चालेल ते बघितलं, आणि शेजारच्या पाच जणांना बसवायला शिकवलं. प्रोजेक्ट म्हणून त्याला शून्य गुण मिळाले असते.

तेव्हा तुमचा प्रोजेक्ट जरूर दाखवा. पण आधी शेतावर एक रात्र काढून या, म्हणजे आपण बोलू.

पावसाचं पाणी साठवायचं आहे, सोसायटीत येऊन बघाल का?

बघू. येण्याआधी हा हिशेब तुम्हीच करा: गच्चीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले पाऊस मीटरमध्ये, गुणिले ०.८. पुण्याला पाऊस साधारण ७०० मिलिमीटर धरला तर १०० चौरस मीटर गच्चीवरून वर्षाला ५६,००० लिटर. ऐकायला भरपूर, पण एका माणसाला दिवसाला १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराचे साडेतीन महिनेसुद्धा नाहीत. शिवाय ते चार महिन्यांतच पडतं, जेव्हा टंचाई नसते. त्यामुळे टाकीपेक्षा बोअरवेलचं पुनर्भरण बहुतेक ठिकाणी शहाणपणाचं. पार्किंगमधलं तेलकट पाणी मात्र त्यात अजिबात सोडू नका. आणि गाळणीतली वाळू कोण धुणार, त्या सभासदाचं नाव इतिवृत्तात लिहा. नाव नसेल तर आम्ही पुढचं बोलत नाही.

महिला येतात का?

येतात, आणि माईकची वायर कुठे तुटली आहे ते त्यांनाच माहीत असतं. कार्यक्रम साडेसातला संपतो, तो मुद्दाम.

कंपनीची जाहिरात करता येईल का?

बॅनर लावा, चहा प्रायोजित करा. व्याख्यान विकत मिळणार नाही.

मला व्याख्यान द्यायचं आहे.

या. चाळीस मिनिटं बोला, वीस मिनिटं प्रश्न. एक तरी स्लाइड तुमच्या स्वतःच्या चुकीवर हवी. स्वतःच्या परिचयाचा कागद चार ओळींपेक्षा मोठा असेल तर आमचे अध्यक्ष तो वाचताना स्वतःच काटछाट करतात, आणि ते कशावर कात्री चालवतील याची हमी नाही. शाल-श्रीफळ बंद केलं आहे. त्याऐवजी एक मल्टिमीटर देतो, जो आत्तापर्यंत कुणी परत केलेला नाही.

आमच्या गावात असं मंडळ काढायचं आहे. नोंदणी कशी करायची?

नोंदणीची घाई करू नका. आधी सलग सहा महिने, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी भेटा. दहाच माणसं आली तरी. वाचनालयाची खोली पुरते. जमलं तर मग कागदपत्रं: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावं लागतं, म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आलं. त्यानंतर दर वर्षी हिशेब तपासणी, बदल अर्ज, वार्षिक सभा. खजिनदार हा तांत्रिक माणूस नसला तरी चालेल, पण पावत्या जपणारा हवा. आमचे पहिले खजिनदार पावत्या बुटाच्या खोक्यात ठेवायचे. एकही हरवली नाही. नंतर ॲप आलं.

आयईआय, आयईईईसारख्या संस्थेची स्थानिक शाखा किंवा कॉलेजात विद्यार्थी शाखा काढली तर हा व्याप बराच वाचतो. आयईईईमध्ये लोकोपयोगी कामांसाठी 'साइट' नावाचे स्वयंसेवक गट आहेत, चांगला प्रस्ताव असेल तर निधीसाठी अर्ज करता येतो.

रेकॉर्डिंग मिळेल का?

व्याख्यानाचं मिळेल. चहाचं नाही.

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो आहे. कॉम्प्युटर येत नाही. माझा काय उपयोग?

आप्पा, तुम्ही शनिवारी याच. आमच्याकडच्या पोरांना थ्रीडी मॉडेल फिरवता येतं, पण हातात नकाशाची निळी प्रत दिली की ती आडवी धरायची का उभी इथून सुरुवात. मागे एका शाळेच्या छताला तडा गेला होता. तिघांनी फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये टाकले. तुमच्यासारख्याच एका निवृत्त डेप्युटी साहेबांनी नाण्याने प्लास्टर वाजवून बघितलं, कुठे पोकळ वाजतंय ते खडूने आखलं, आणि म्हणाले, तडा प्लास्टरचा आहे, स्लॅबचा नाही, पण कौलारू भागातलं वाशाचं टोक कुजलंय, ते आधी बघा. कुणी वर बघितलंच नव्हतं.

या शनिवारी येताना काही आणायचं का?

वही, पेन. जमलं तर तीन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड. आमचा मागच्या खेपेला त्या शाळेत राहिला आहे आणि गुरुजी म्हणतात, तो आता तिथेच असू द्या.